साधी केबल, आणि अठराशेची बॅटरी पाण्यात

मंगळवारपेठकर | सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी,

आईच्या फोनच्या चार्जिंगचं रामायण सांगतो. चूक माझीच आहे हे आधीच कबूल करतो, म्हणजे प्रतिसादांत तेवढे शब्द वाचतील.

दिवाळीत माळा साफ करायला काढला, तेव्हा एक उंदीर खाली आला. त्यानं घरातलं बाकी सगळं सोडून फोनबरोबर आलेली केबलच कुरतडली. चार्जर शाबूत होता. मी स्टँडच्या बाहेर एका गाड्यावरून ऐंशी रुपयांना नवी केबल आणली. वर ‘६५ वॅट, सुपर फास्ट, सहा महिने गॅरंटी’ असं छापलेलं. पांढरी, जाडजूड, वरून कापडी विणकाम. हातात घेतल्यावर म्हशीच्या दाव्यासारखी भक्कम वाटली.

आईचा नेम ठरलेला. रात्री दहाला फोन लावायचा, सकाळी सहाला काढायचा. पूर्वी सकाळी शंभर टक्के असायचं, आता सत्तर-पंचाहत्तर दिसायला लागलं. दुपारी पुण्याच्या नातवाशी व्हिडिओ कॉल झाला की चार वाजता फोन गार. आई म्हणाली, “म्हातारा झाला रे तो, माझ्यासारखाच.” फोन तीन वर्षांचा आहे, मलाही पटलं. दुकानात नेला, बॅटरी बदलली, अठराशे दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बहात्तर टक्के!

परत दुकानात. तिथला पोरगा म्हणाला, “चार्जिंगची आयसी, म्हणजे आतली चिप, गेली असंल, बोर्ड उघडावं लागंल.” मी म्हटलं रविवारी आणतो. मधल्या काळात भाची आली, तिनं तिच्या केबलनं आजीचा फोन सहज लावला आणि दीड तासात भरला. चार्जर तोच, फोन तोच, सॉकेट तेच.

आता माझा प्रश्न. केबल म्हणजे दोन टोकांमधली तार. एक तर करंट जाईल नाहीतर जाणार नाही. ‘हळू जाईल’ ही काय भानगड आहे? आणि ऐंशी रुपयांची केबल घेणाऱ्याला नेमकं काय मिळतं?


तांबडा_पांढरा | सोमवार, रात्री १०.०५

ऐंशी रुपयांत ६५ वॅट? भावा, ऐंशी रुपयांत हल्ली मिसळ येते, ती पण जादा ब्रेड न घेता.


उद्यमनगरी | सोमवार, रात्री १०.४०

मी मोटर रिवाइंडिंगवाला. मोबाइलमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण तारेतलं कळतंय, म्हणून लिहितो.

नदीला पाच एचपीची मोटर बसवलेली असती आणि डीपी, म्हणजे विजेची पेटी, असती लांब दुसऱ्याच्या रानात. शेतकरी पैसे वाचवायला बारीक केबल टाकतो. स्टार्टर दाबला की मोटर नुसती हूंऽ करत बसती, पाणी काय वर चढत नाही. मग ती काढून बैलगाडी नाहीतर टेम्पोत घालून माझ्याकडं आणायची, “अण्णा, वाइंडिंग जळलं बघा.” मी मेगर, म्हणजे वाइंडिंग तपासायचं मीटर, लावतो, वाइंडिंग ठणठणीत. दोष केबलीचा. व्होल्टेज वाटेतच मरतंय, मोटरपर्यंत पोचतंच नाही. मंगळवारपेठकर, तुमची बॅटरी म्हणजे ही मोटर. उगीच बिचारीचं ऑपरेशन झालं.

पुतण्याकडून टेबल काढून घेतला, हिशेब सांगतो. गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर, नंबर मोठा तेवढी तार बारीक. २८ गेजची तांब्याची तार मीटरला साधारण ०.२१ ओहम अडथळा करती. जाणारी एक आणि परत येणारी एक, म्हणजे मीटरभर केबलीत ०.४२. दोन अँपिअर ओढले की साधारण ०.८५ व्होल्ट वाटेत खलास. चार्जर देतोय ५, फोनला मिळतंय ४.१५. तीच २४ गेजची असली तर येऊन-जाऊन ०.१७ ओहम, वाटेत जातंय फक्त ०.३४. (हे अमेरिकन गेज आहे. आमच्या वाइंडिंगच्या एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश गेजच्या, नंबराशी घोळ करू नका, नाहीतर दुकानात जाऊन भलतंच मागाल.)

आणि केबल दोन मीटरची घेतली तर सगळं डबल. पलंगावर लोळून मोबाइल बघायला मिळावा म्हणून लोक लांब केबल घेतात, आणि ती बारीकच असती.

वरच्या जाडीवर जाऊ नका. जाडी प्लॅस्टिकची असती. तांबं आत किती ते कापल्याशिवाय कळत नाही.


आठवी_गल्ली | सोमवार, रात्री ११.२०

माझं राजारामपुरीत रिपेअरिंगचं दुकान आहे. अण्णांनी मोटरचा दाखला बरोबर दिलाय. फोन मोटरीपेक्षा एका बाबतीत शहाणा असतो एवढाच फरक. व्होल्टेज पडायला लागलं की तो हट्ट करत नाही, स्वतःच कमी करंट ओढतो. म्हणून काही जळत नाही, आवाज येत नाही, स्क्रीनवर चार्जिंगचं चिन्हही दिसतं. फक्त वेळ लागतो. लोकांना वाटतं बॅटरी गेली.

पण मला इथं आणखी एक संशय आहे. साध्या केबलमध्ये चार तारा असतात. लाल आणि काळी करंटच्या, हिरवी आणि पांढरी डेटाच्या. तुम्ही म्हणाल चार्जिंगला डेटाचं काय काम? काम आहे. साध्या चार्जरच्या आत या दोन डेटाच्या पिना एकमेकींना जोडलेल्या असतात. फोन तिथं चाचपून बघतो, दोन्ही जोडलेल्या सापडल्या की ‘हा भिंतीवरचा चार्जर आहे, दीड अँपिअरपर्यंत घ्यायला हरकत नाही’ असं समजतो. केबल करणाऱ्यानं पैसे वाचवायला हिरवी-पांढरी घातलीच नसेल तर फोनला वाटतं, समोर काय आहे देव जाणे. मग तो भीत भीत अर्ध्या अँपिअरवर बसतो. ५००० एमएएचची बॅटरी अर्ध्या अँपिअरवर एका रात्रीत भरत नाही. तुमचं सत्तर टक्क्यांचं गणित मला तिथं बसतंय.

ती केबल कॉम्प्युटरला लावून बघा. फोनमधले फोटो दिसले तर तारा चार. नुसतं चार्जिंग चालू झालं आणि कॉम्प्युटरला फोन आलेला कळलाच नाही, तर दोन.

बाकी त्या पोराबद्दल माझ्याच धंद्यातला म्हणून काय बोलू! चार्जिंगची तक्रार आली की टेबलावरचं पहिलं काम म्हणजे आपल्या केबलनं लावून बघणं, दुसरं काम पोर्टात टॉर्च मारणं. खिशातला कापूस पोर्टाच्या तळाशी दाबून दाबून असा बसतो की प्लग पूर्ण आत जात नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं तो काढला की गिऱ्हाईक पैसे विचारतं, आणि मला घ्यायची लाज वाटते. बोर्ड उघडणं हे शेवटचं काम.


मंगळवारपेठकर | मंगळवार, सकाळी ७.३०

लावून बघितली. कॉम्प्युटर ढिम्म. दोनच तारा.

म्हणजे केबलवरचं ‘६५ वॅट’ म्हणजे निव्वळ भिंतीवरची जाहिरात?


पुण्यातला_कोल्हापुरी | मंगळवार, सकाळी ९.१५

छापायला शाईच लागते. पण ६५ या आकड्यात एक गंमत आहे ती सांगतो, कारण बरे शिकलेले लोकही इथं फसतात.

दोन्ही बाजूंना यूएसबी-सी, म्हणजे उलटसुलट कसंही बसणारं टोक, असलेली नियमात बसणारी केबल घेतली, तर ती ३ अँपिअर सोसायलाच हवी. चार्जर जास्तीत जास्त २० व्होल्ट देतो, म्हणजे ६० वॅट झाले. याच्या वर जायचं असेल तर ५ अँपिअरची केबल लागते आणि तिच्या प्लगमध्ये एक बारकी चिप असावी लागते. तिला ई-मार्कर म्हणतात. चार्जर आधी केबललाच विचारतो, ‘बाई, तुला किती झेपेल?’ चिपनं ५ सांगितलं तर पुढे १०० वॅट. २०२१ पासून ४८ व्होल्टपर्यंत मुभा झाली, त्यामुळे २४० वॅटपर्यंत. उत्तरच आलं नाही तर चार्जर ३ अँपिअरवर थांबतो. म्हणजे चिप नसलेल्या सी-टू-सी केबलवर १०० लिहा नाहीतर हजार लिहा, पुढे जाणार ६०च.

ओप्पो, वनप्लस, रिअलमीची गोष्ट वेगळी. इतरांनी व्होल्टेज वाढवलं, यांनी अँपिअर वाढवले. सुरुवातीला ५ व्होल्ट ४ अँपिअर, पुढे ६५ वॅटला १० व्होल्ट साडेसहा अँपिअर. त्याला त्यांच्याच पद्धतीची केबल लागते. दुसरी चांगली केबल लावली तरी फोन साध्या चालीनं चार्ज होतो. तिथं केबलवाल्याला शिव्या देण्यात अर्थ नाही.


पेठेतली_सून | मंगळवार, दुपारी १.४०

आमच्या आयफोनची तऱ्हा सांगते. जुनं मॉडेल आहे, लाइटनिंग नावाच्या अ‍ॅपलच्या स्वतःच्या पोर्टचं. मिस्टरांनी महाद्वार रोडवरून दीडशेची केबल आणली. पंधरा दिवस झकास चालली. मग फोन अपडेट झाला आणि लावली की स्क्रीनवर ‘ही अ‍ॅक्सेसरी चालेल याची खात्री नाही’ अशा अर्थाचा मेसेज. उलटी करून लावली, फुंकर मारून लावली, सासूबाई म्हणाल्या ओवाळून लाव. शेवटी कंपनीची घेतली. तिची किंमत ऐकून मिस्टर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, जसं काय मीच अपडेट सोडलं होतं.

हे मुद्दाम करतात का?


पुण्यातला_कोल्हापुरी | मंगळवार, दुपारी २.३०

वहिनी, मुद्दाम करतात, आणि लपवूनही करत नाहीत. २०१२ मध्ये आयफोन ५ बरोबर लाइटनिंग आलं तेव्हापासून त्याच्या प्लगमध्ये ओळख पटवणारी चिप असते. अ‍ॅपलच्या परवान्यानं केबल बनवणाऱ्यांना ती चिप मिळते आणि खोक्यावर ‘मेड फॉर आयफोन’ असा शिक्का टाकता येतो. बाकीचे नकली चिप घालतात. ती काही दिवस फोनला गंडवते, मग एखाद्या अपडेटनंतर पकडली जाते. यात सुरक्षेचा भाग किती आणि गल्ल्याचा किती, यावर वेगळा धागा निघेल.

पण दोन दिवसांचा अबोला वाचला असता. शिक्का असलेली केबल दुसऱ्या कंपनीचीही चालते आणि बरीच स्वस्त पडते. म्हणून ‘ओरिजिनल की डुप्लिकेट’ एवढंच बघणं मला नीट वाटत नाही. फोनच्या कंपनीची नसलेली केबल म्हणजे वाईट केबल, असं अजिबात नाही.

आयफोन १५ पासून, म्हणजे २०२३ पासून, तिकडेही सी पोर्ट आला. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनला सी पोर्ट सक्तीचाच झाला. लोकांना वाटलं आता सगळ्या केबली सारख्या. भोक सारखं झालं, आतली तार ज्याची त्याची.


शिरोलीकर | मंगळवार, रात्री ८.१०

आमचा विषयच हार्ड. मी फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतीव माल घासून साफ करायला, असतोय. दोन महिन्यांमागं ऑनलाइन ती चुंबकवाली केबल मागवली. बारका तुकडा फोनच्या पोर्टात कायमचा बसवायचा आणि केबल नुसती जवळ नेली की टक्कन चिकटती. लई भारी वाटलं. मित्रांना दाखवून दाखवून दहा वेळा चार्जिंग लावलं.

आता फेटलिंगला काय असतंय, ग्राइंडरखाली लोखंडाची भुकटी. कपड्यात, केसात, चहात. फोन खिशात. आठ दिवसांनी बघतोय तर पोर्टावरच्या त्या चुंबकाला काळी दाढी फुटलेली. खरंच दाढी! बारीक बारीक केस उभं राहिल्यागत. मी बोटानं पुसलं, थोडं गेलं, थोडं राहिलं. रात्री केबल लावली, टक्क केलं, आणि चुर्र. बारीक ठिणगी, वास, फोन बंद. जाळ आणि धूर संगटच!

दुरुस्तीला बावीसशे गेलं. पोर्ट आणि आत आणि काय काय. आता साधीच वापरतोय आणि पोर्टाला रबराचं बूच लावलंय.


आठवी_गल्ली | मंगळवार, रात्री ९.००

शिरोलीकर, तुम्ही थोडक्यात सुटलात. सी पोर्टात २४ पिना असतात आणि एका पिनेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत अंतर अर्धा मिलिमीटर. करंटच्या पिनेला लागूनच बोलणी करायची पिन असते. जलद चार्जर ९, १२, २० व्होल्टवर गेलेला असताना त्या दोघींमध्ये लोखंडाचा एक कण आडवा पडला की मोठा व्होल्टेज थेट नाजूक बाजूला. सी पोर्टाच्या नियमात हे चुंबकाचे तुकडे बसतच नाहीत. शिरोली, उद्यमनगर, गोकुळ शिरगाव या बाजूला काम करणाऱ्यांनी तर त्या वाटेला जाऊ नये. माझ्याकडं असे फोन येतात, बूच उघडायच्या आधीच मला कळतं गिऱ्हाईक कुठल्या एमआयडीसीतलं आहे.


कळंबा_रोड | बुधवार, सकाळी ८.२०

सगळे स्वस्त केबलीच्या मागं लागलाय म्हणून दुसरी बाजू. माझी कंपनीची, खोक्यातून आलेली केबल सात महिन्यांत मानेजवळ फाटली. तिच्या जागी शंभराची घेतली ती दोन वर्षं चालू आहे. आता बोला.


उद्यमनगरी | बुधवार, सकाळी १०.००

बोलतो की. तुटणं येगळं आणि हळू चालणं येगळं. केबल मोडती ती कायम प्लगच्या मानेत, कारण सगळा वाक तिथंच येतो. दाव्याला म्हशीनं हिसका द्यावा तसं आपण वायर धरून ओढतो, प्लग धरून नाही. मानेला लवचिक रबर नसलं तर राजाची केबल पण मोडंल. तुमची शंभराची कापडी असंल, कापडी मोडत नाही लवकर. पण टिकली म्हणजे आत तांबं आहे असं होत नाही. आमच्याकडं अ‍ॅल्युमिनियम वाइंडिंगच्या मोटरी पण चालतात की. चालतात तोवर.


कळंबा_रोड | बुधवार, सकाळी १०.१५

अण्णा, मग कापूनच बघूया. मी माझी आणतो.


रंकाळा_कट्टा | बुधवार, दुपारी ४.००

मध्येच एक शंका. नवा ट्रिमर घेतला, पोर्ट सी आहे. फोनच्या सी-टू-सी केबलनं आणि भारीतल्या चार्जरनं लावला तर हूं की चूं नाही. तीच केबल फोनला मस्त चालते. ट्रिमर परत पाठवू का?


पुण्यातला_कोल्हापुरी | बुधवार, दुपारी ४.३०

थांबा, पाठवू नका. सी-टू-सी केबलला जोडलेला चार्जर समोर कुणी आहे याची खात्री झाल्याशिवाय एक व्होल्टही सोडत नाही. ती खात्री पटते समोरच्या उपकरणातल्या ५.१ किलोओहमच्या दोन रेझिस्टरांवरून, म्हणजे करंट अडवणाऱ्या बारक्या तुकड्यांवरून. स्वस्तातले ट्रिमर, टॉर्च, स्पीकर करणारे ते पैशापैशाचे रेझिस्टर गाळतात. केबल निर्दोष, दोष ट्रिमरचा. एका बाजूला जुनं चौकोनी टोक असलेली ए-टू-सी केबल आणि साधा चार्जर घ्या, तिथं ५ व्होल्ट कायम हजर असतात.

रेझिस्टरवरूनच आठवलं. ए-टू-सी केबलच्या सी टोकात ५६ किलोओहमचा एक रेझिस्टर असावा लागतो. त्याचा अर्थ ‘मागं जुनं पोर्ट आहे, जपून ओढ’. सी नवीन असताना बऱ्याच स्वस्त केबलींत १० किलोओहमचा घातलेला होता. त्याचा अर्थ होतो ‘३ अँपिअर बिनधास्त घे’. फोन बिचारा विश्वासानं ओढायचा आणि मागचं लॅपटॉपचं पोर्ट बसायचं. गूगलमधले इंजिनिअर बेन्सन लेउंग यांनी २०१५ च्या शेवटी स्वतः केबली विकत घेऊन अ‍ॅमेझॉनवर एकेकीचं परीक्षण लिहायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०१६ मध्ये अशाच एका केबलनं त्यांचा क्रोमबुक पिक्सेल लॅपटॉप बाद केला. तिच्यात रेझिस्टर तर चुकीचा होताच, वर अधिक आणि उणे तारांची अदलाबदल झाली होती. पुढच्याच महिन्यात अ‍ॅमेझॉननं नियमबाह्य सी केबली विकायला बंदी घातली.

म्हणजे ‘हळू चालते, बाकी काय होतंय’ हे दर वेळी खरं नाही.


पेठेतली_सून | बुधवार, संध्याकाळी ६.५०

दिराच्या फोनची केबल प्लगपाशी पिवळी-तपकिरी पडलीय आणि हात लावला तर चटका बसतो. तारेमुळे का?


उद्यमनगरी | बुधवार, संध्याकाळी ७.३०

ताई, तार तापली असती तर लांबभर कोमट लागली असती. एकाच ठिकाणी चटका म्हणजे लूज कॉन्टॅक्ट. डीपीतलं किटकॅट, म्हणजे चिनीमातीचा फ्यूज, बघितलंय का कधी? फ्यूज नीट दाबून बसवला नाही की चिनीमाती काळी पडती, तार मात्र शाबूत. तसंच हे. प्लगच्या आतल्या स्प्रिंगा सैल झाल्या की करंट मुंगीएवढ्या जागेतून जातोय आणि तिथं भट्टी होती. ती केबल आजच कचऱ्यात टाका. उशीखाली फोन ठेवून झोपत असंल तर दिराला सांगा, आधी केबल जळंल आणि मग उशी.


आठवी_गल्ली | बुधवार, संध्याकाळी ७.४५

त्यात भर. सी प्लगच्या स्प्रिंगा केबलच्या बाजूला असतात, त्यामुळे सैलपणा आला तर आधी केबल बदलून बघायची, फोनचं पोर्ट नंतर. आणि चार्जरही एकदा उलटा करून बघा. आपल्याकडं मोबाइल अ‍ॅडॉप्टरला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे, त्यावर ‘आर’ अक्षर आणि पुढे आठ आकडे असतात. तो नंबर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. नंबरच नसेल तर केबलीवर चर्चा करण्यात वेळ घालवू नका.


मंगळवारपेठकर | रविवार, रात्री ८.३०

मंडळी, आज सकाळी अण्णांच्या वर्कशॉपवर जमलो. मी, कळंबा रोड आणि आठवी गल्ली. वाइंडिंगच्या वार्निशचा वास, कोपऱ्यात सुट्या केलेल्या तीन मोटरी, आणि मधल्या टेबलावर आमच्या तीन केबली: माझी ऐंशीची, कळंबा रोडची शंभराची, आणि उंदरानं कुरतडलेली कंपनीची. ती मी फेकली नव्हती, का ते विचारू नका.

आधी माझी. अण्णांनी ब्लेडनं कापडी विणकाम उभं चिरलं. खाली पांढरं प्लॅस्टिक, करंगळीएवढं जाड. ते सोलल्यावर आत पांढऱ्या दोऱ्याचा झुपका. मला वाटलं आता तारा येतील. अण्णांनी दोरा बाजूला केला तर त्याच्या आडोशाला दोन तारा, शिवणाच्या दोऱ्याएवढ्या. एक लाल, एक काळी, तिसरं काही नाही. लाल सोलून अण्णांनी भिंग लावून आतले केस मोजले. अकरा! एक केस ब्लेडनं खरवडून माझ्यापुढं धरला. वरून तांबूस, खरवडलेल्या जागी चांदीसारखा पांढरा. “अ‍ॅल्युमिनियम, वरून तांब्याचं पाणी,” अण्णा म्हणाले. मी म्हटलं कथिल लावलेलं तांबंही पांढरं असतं ना? “ते वरून पांढरं आणि आतून लाल. हे उलटं आहे.” मग त्यांनी लाइटर पेटवला. माझा केस ज्योतीत गेल्यागेल्या आखडला आणि टोकाला बारीक गोळी होऊन गळून पडला. उंदराच्या केबलीतला केस त्याच ज्योतीत लालबुंद झाला, बाहेर काढला तरी तसाच ताठ.

आठवी गल्ली दुकानातला डीसी सप्लाय घेऊन आले होते. मीटरभर लाल तारेतून एक अँपिअर सोडायचा आणि दोन टोकांना मल्टिमीटर लावायचा. कंपनीच्या केबलीचा कुरतडलेला भाग टाळून मीटरभर तुकडा घेतला, त्यात पडले ०.०६ व्होल्ट. माझ्या तारेत ०.४९! म्हणजे येऊन-जाऊन जवळजवळ एक व्होल्ट, तेही एकाच अँपिअरला. अण्णा तो आकडा बघून नुसते हसले आणि चहा सांगितला.

आणि आता कळंबा रोडच्या शंभराच्या केबलीचा निकाल. तारा चार, खरं तांबं, ०.०९. अण्णांनी परत परत खरवडून बघितलं. कळंबा रोड तेव्हापासून कुणाचं ऐकायला तयार नाहीत.


कळंबा_रोड | रविवार, रात्री ८.४०

मी काय म्हणत होतो?


आठवी_गल्ली | रविवार, रात्री ९.०५

नशीब म्हणत होता. मान्य, केबल चांगली निघाली. पण तुम्ही घेताना ती चांगली आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं आणि विकणाऱ्यालाही नव्हतं. त्याच गठ्ठ्यातली पुढची कशी असेल कुणी सांगावं. आणि सिद्ध करायच्या नादात चांगली केबल कापून बसलात, आता काय करणार?

मी स्वतः दुकानात काय करतो ते सांगतो. नवा माल आला की प्रत्येक गठ्ठ्यातली एक काढायची, फोन आणि केबलच्या मध्ये छोटा मीटर लावून व्होल्ट-अँपिअर बघायचे. फोन दोन अँपिअर ओढत असताना ४.७ च्या खाली गेली तर गठ्ठा परत. अडीचशे-तीनशेच्या आत माझ्या मीटरला पटणारी जलद चार्जिंगची केबल मला क्वचित मिळते. गिऱ्हाईक मात्र ऐंशीचीच मागतं. नाही ठेवली तर पुढच्या दुकानात जातं आणि महिन्यानं ‘बॅटरी गेली’ म्हणून माझ्याकडंच येतं.

मंगळवारपेठकर, जुनी बॅटरी मागून घेतली होती का?


मंगळवारपेठकर | रविवार, रात्री ९.२०

नाही घेतली. सुचलंच नाही. ती आता कुणाच्या तरी फोनमध्ये ‘नवी’ म्हणून बसली असेल.

आईला नवी केबल आणलीय, तीनशे वीसची, मीटरभर. तिला आकडे सांगितले नाहीत, सकाळी शंभर टक्के दाखवले. ती म्हणाली, “बघ, मी म्हटलं नव्हतं, बॅटरी बदलून बरं केलंस.” मी गप्प बसलो.


उद्यमनगरी | रविवार, रात्री ९.५५

उंदराच्या केबलीचा राहिलेला तुकडा मी जोडून ठेवलाय. सोल्डर मारलं, वर स्लीव्ह चढवली. वर्कशॉपातल्या रेडिओला चालती.


आठवी_गल्ली | रविवार, रात्री १०.००

अण्णा, रेडिओलाच ठेवा. जलद चार्जरला लावू नका, हात जोडतो.


रंकाळा_कट्टा | रविवार, रात्री १०.१०

ए-टू-सीनं ट्रिमर चार्ज झाला. आलोच, तोंडाला साबण लागलाय.